पपांचं चालणं परत येईल का? सावईवेरेच्या एका लेकीला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पपा ७९ वर्षांचे, आई ७४ची, दोघंच सावईवेरेच्या घरात. मार्च २०२० पासून जवळजवळ दोन वर्षं तुम्ही भावंडांनी त्यांना फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही. त्याआधी पपा रोज सकाळी अनंताच्या देवळात चालत जायचे, कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, फेरी मारायचे, आठवड्यातून दोनदा एकटे बसने फोंड्याला जाऊन बाजार आणायचे. आता अंगणातही भिंतीचा आधार घेतात, आणि बस तर सुटलीच. नव्या विषाणूची बातमी आली की भाऊ म्हणतो, ‘परत दार लावून घेऊया.’ तुम्ही विचारता की गेलेलं चालणं परत येतं का, पुन्हा साथ आली तर त्यांना घरातच ठेवायचं का, आणि बाहेर न्यायचंच झालं तर बस, पायलट (भाड्याची मोटारसायकल), फेरीबोट, रेल्वे यांतलं काय निवडायचं.

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. सगळं नाही तरी बरंचसं चालणं परत येईल. ७९ हे वय त्याच्या आड येत नाही. मी ८५ वर्षांच्या माणसांचे पाय भरलेले पाहिलेत. साथ पुन्हा आली तर त्यांना गर्दीपासून लांब ठेवा, चालण्यापासून ठेवू नका. वाहनाचा प्रश्न मात्र आज लगेच सुटणार नाही, कारण आधी पपा घरची पायरी कशी चढतात ते बघावं लागेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. २४ वर्षं फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांत घरोघर जाते. माझे बहुतेक रुग्ण सत्तरीच्या पुढचे. म्हणून जे लिहिते ते घरांच्या सोप्यांत, पडवीत आणि न्हाणीघराच्या दारात बघितलेलं आहे.

भावाला दोष देऊ नका. ते दिवस आठवा. २५ मार्च २०२० ला गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडले. १९ एप्रिलला तेव्हाचे सातही रुग्ण बरे झाले आणि आपण सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला. मग जूनच्या सुरुवातीला वास्कोच्या मांगोर हिलवर साथ भडकली आणि २२ जूनला राज्यातला पहिला मृत्यू झाला तो सत्तरी तालुक्यातल्या मोर्लेच्या ८५ वर्षांच्या गृहस्थांचा. त्या वर्षी देशभरात दगावलेल्यांत निम्म्याहून जास्त माणसं साठीच्या पुढची होती. अशा बातम्या रोज कानावर पडत असताना आईवडिलांना घरात ठेवणारा मुलगा मायेपोटीच तसं करत होता. केंद्र सरकारची सूचनाही तशीच होती: ६५ वर्षांवरच्या माणसांनी अत्यावश्यक कामं आणि औषधोपचार सोडून घरीच राहावं. पण अंगणात फिरू नका, कुळागरात जाऊ नका, सोप्यावरच्या खुर्चीतून उठू नका, असं त्या सूचनेत नव्हतं. तेवढं आपण आपल्या भीतीने वाढवलं.

मीसुद्धा वाढवलं. माझी आई तेव्हा ७७ वर्षांची होती. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की ती रोज सकाळी फाटकापर्यंत जायची, त्याच्याशी दोन शब्द बोलायची, पाव घेऊन परत यायची. दिवसातून दोनदा तुळशीला, एकदा शेजारच्या पसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, संध्याकाळी देवळाच्या प्राकारात. मी तिला सांगितलं, ‘पाव मी आणते, तू बस.’ पसरो बंद, देऊळ बंद, आणि पावसात अंगण निसरडं म्हणून तुळसही बंद. ऑगस्टमध्ये चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडखळून पडली. मनगट मोडलं. जिचे पाय मी रोज तपासू शकत होते, तिचेच पाय चार महिन्यांत बारीक झाले आणि ते मला दिसले नाहीत, कारण मी तिच्या तापाकडे आणि ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघत होते. ती मला एकदा म्हणाली, ‘पांय म्हजेच, पूण ते म्हजें आयकनात.’ हे वाक्य मी नंतर कितीतरी घरांत वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं.

पायांचं असं का होतं ते सांगते. धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर दोन्ही पायांतला मिळून जवळपास एक किलो स्नायू जातो. तरुणाचा इतका जात नाही, आणि गेलेला त्याला लवकर परत मिळतो. पपा अंथरुणात नव्हते हे खरं. पण खुर्ची, टीव्ही, जेवण, पलंग हा दिवस दोन वर्षं चालला तर हळूहळू तेच होतं. आधी मांडीचा पुढचा स्नायू जातो, म्हणजे खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. मग पोटरी जाते, म्हणजे पाऊल उचलण्याऐवजी फरपटतं. मग तोल. तोल हा फक्त कानाचा आणि मेंदूचा विषय नाही. खडबडीत जमिनीवर पाऊल पडताना घोट्याला क्षणोक्षणी जे सावरावं लागतं, तो त्याचा रोजचा सराव असतो. कुळागरातली वाट, पाटाचं पाणी, पोफळीच्या झावळ्या हीच तुमच्या पपांची व्यायामशाळा होती. ती बंद करून आपण त्यांना घोटलेल्या सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीवर बसवलं. सगळ्यांत शेवटी धीर जातो. माणूस पडायच्या भीतीने कमी चालतो, कमी चालल्याने आणखी अशक्त होतो. बस पपांनी सोडली ती इथे, असा माझा अंदाज आहे.

गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या माणसांचं प्रमाण केरळमध्ये सर्वांत जास्त आणि त्याखालोखाल गोव्यात, ११.२ टक्के होतं. मुलं पुण्याला, दुबईला, पोर्तुगालला. मोठ्या घरात दोघंच.

आता तुम्ही येत्या रविवारी सावईवेरेला जाल तेव्हा करायचं काम. हात नसलेली एक पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची नको. पपांना बसवा, दोन्ही हात छातीवर दुमडायला सांगा, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसतात ते मोजा. त्यांच्या वयाच्या पुरुषाला ११ पेक्षा कमी जमले तर पाय अशक्त समजायचे. आईच्या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी. हात न टेकता एकदाही उठता येत नसेल तर शून्य लिहा आणि रागावू नका. शून्यापासून सुरुवात केलेली माणसं माझ्याकडे खूप आहेत. दुसरं, खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा. खुर्चीतून उठून, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जाऊन, वळून परत येऊन बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. तिसरं, ओट्याला किंवा जड टेबलाला हात लागेल असं उभं करून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना चिकटवून १० सेकंद उभं राहता येतं का ते बघा. तुम्ही शेजारी, हात त्यांच्या कमरेपाशी, पण न धरता. तिन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणखी एक तपासणी बहुतेक घरांत राहून जाते. झोपलेले असताना रक्तदाब मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहताना येणारी चक्कर पायांची नाही, रक्तदाबाची आहे. त्यावर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्या तपासून घ्याव्या लागतात. टाळेबंदीत फोनवर ‘त्याच गोळ्या चालू ठेवा’ असं सांगून घेतलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं तशाच चालू राहिलेली माणसं मी पाहिलीत. जेवण घटलं, वजन उतरलं, पण रक्तदाबाची गोळी जुन्या वजनाचीच.

व्यायाम फार सांगत नाही, कारण यादी लांबली की कोणी काहीच करत नाही. चार गोष्टी. खुर्चीतून उठणं-बसणं, जमतील तितके, थोडं थांबून पुन्हा, दिवसातून तीनदा जेवणाआधी. सुरुवातीला हात टेकले तरी चालतील, खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली तरी चालेल, दर आठवड्याला आधार थोडा कमी. ओटा धरून टाचा उचलणं. ओटा धरून टाच-बोट असं उभं राहणं. आणि सोप्याची एक पायरी चढणं-उतरणं, कठडा किंवा तुमचा हात धरून, आधी डावा पाय दहा वेळा, मग उजवा. हे आठवड्यातून निदान तीन दिवस. चालणं रोज, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० मिनिटं सांगितली आहेत. पपांनी आज पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या मारल्या तरी मला चालतील, फक्त त्या रोज हव्यात.

जेवणाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकटी राहणारी म्हातारी माणसं पेजेवर उतरतात. सकाळी पेज आणि लोणचं, दुपारी भात आणि आमटीचं पाणी, रात्री परत पेज. पोट भरतं, स्नायूला काही मिळत नाही. या वयात वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम. बांगडा, तारली, अंडं, मुगाची उसळ, दही, चण्याची डाळ यांतलं काहीतरी तिन्ही जेवणांत असायला हवं. सोमवारी आणि श्रावणात मासे नसतील तर त्या दिवशी कडधान्य दुप्पट. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

आता बसकडे येते. बस म्हणजे पपांचं स्वातंत्र्य होतं, म्हणून मला तीच परत मिळवून द्यायची आहे, तुमच्या गाडीतली सीट नव्हे. तुम्ही गाडीने नेता ते चांगलंच आहे, पण मग कधी जायचं हे तुमच्या सुट्टीवर ठरतं, त्यांच्या मनावर नाही.

बसची पहिली पायरी घरच्या पायरीच्या जवळपास दुप्पट उंच असते आणि थांब्यावर बस कडेला लागली नाही तर आणखी उंच. शिवाय आपल्याकडच्या खासगी मिनीबसमध्ये कंडक्टर ‘चल चल’ म्हणत असतो आणि माणूस आत शिरण्याआधी गाडी हलते. धोका त्या हलण्यात आहे. म्हणून सराव टप्प्याटप्प्याने. पहिले दोन आठवडे फाटकापर्यंत. मग देवळापर्यंत, वाटेत बसायची जागा ठरवून. मग बसथांब्यापर्यंत नुसतं चालत जायचं, दहा मिनिटं बसायचं, बस जाऊ द्यायची आणि परत यायचं. पपांना हे वेडेपणाचं वाटेल. त्यांना सांगा की आम्ही पायांना रस्ता आठवून देतोय. घरची पायरी दहा-दहा वेळा सहज जमायला लागली की तुम्ही बरोबर राहून एकच थांबा बसने जा. वेळ सकाळी साडेदहा-अकराची, शाळा-ऑफिसची गर्दी संपल्यावर. चढताना ज्या पायात बळ आहे तो आधी, उतरताना दुखरा आधी. दांडा आधी हातात, मग पाऊल. पिशवी हातात नको, पाठीवर किंवा खांद्यावर. आत शिरल्यावर पहिल्या मोकळ्या सीटवर बसायचं, मागची चांगली सीट शोधत हलत्या बसमध्ये चालायचं नाही. आणि कंडक्टरला आधीच सांगायचं, ‘उतरताना थांब रे, मला वेळ लागतो.’ नेहमीच्या मार्गावरचे कंडक्टर ओळखीचे असतात. ते थांबतात, मी पाहिलंय. सरकारी कदंबच्या बसमध्ये ज्येष्ठांसाठी ठेवलेल्या सीटवर कोणी बसलं असेल तर मागायला संकोच करू नये, हे पपांना तुम्हीच सांगा. त्या पिढीला मागायला फार जड जातं.

साथ असताना हेच सगळं करायचं, पण हवेचा हिशेब वाढतो. कोविड मुख्यतः हवेतून पसरला, हे आता स्पष्ट आहे. म्हणून जागा किती बंद, माणसं किती जवळ आणि वेळ किती, या तीन गोष्टी बघायच्या. कुळागर, अंगण, गावचा मोकळा रस्ता, सकाळची रिकामी प्राकाराची बाजू इथे धोका जवळजवळ नाही. तिथे चालणं साथीतही बंद करू नका. मास्क खिशात ठेवा, कोणी बोलायला जवळ आलं की लावा. रिकाम्या बसमध्ये खिडकी उघडी ठेवून, चांगला घट्ट बसणारा मास्क लावून वीस मिनिटं, हे साथ उताराला लागली असताना आणि लस झालेली असताना मी चालवून घेईन. पण पावसाळ्यात तीच बस वेगळी होते. खिडक्या बंद, काचांवर वाफ, सगळे ओले आणि चिकटून उभे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे वर्षातले चार महिने बसचं गणित निराळं. साथीत त्या महिन्यांत बस टाळा आणि सोप्यात, पडवीत, व्हरांड्यात येरझाऱ्या घाला. आपली जुनी घरं त्यासाठी फार चांगली आहेत. राजांगणाभोवती, म्हणजे घराच्या मधल्या चौकाभोवती, फेऱ्या मोजत चाललेल्या एका काकी मला माहीत आहेत, खोबरेलाच्या बाटलीत एक चिंचोका टाकायच्या फेरी झाली की. दुसऱ्या लाटेत मे २०२१ च्या संचारबंदीतही त्यांच्या चालण्यात खंड पडला नाही. अंगणातलं शेवाळ मात्र पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि नंतर दर आठवड्याला घासून काढा. गोव्यात म्हातारी माणसं रस्त्यापेक्षा स्वतःच्या अंगणात आणि न्हाणीघरात जास्त पडलेली मी पाहिलीत.

पायलट. मोकळी हवा, एकच माणूस जवळ, पाच-दहा मिनिटांचा प्रवास. संसर्गाच्या दृष्टीने गच्च भरलेल्या मिनीबसपेक्षा बरा. पण पडण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. पाय टाकून बसायला कमरेत मोकळीक लागते, खड्ड्यात तोल सावरायला पोट-पाठ लागते. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईला तर धरायलाही नीट काही नसतं. माझा नियम साधा आहे: जो माणूस आधार न घेता एका पायावर पाच सेकंद उभा राहू शकत नाही त्याने पायलटवर बसू नये, साथ असो की नसो. पपा आज त्या कसोटीला उतरणार नाहीत. आईचं बघावं लागेल. हाच नियम मुलांच्या स्कूटरच्या मागच्या सीटलाही.

फेरीबोटीचा संबंध तुम्हाला फारसा येणार नाही, पण दिवाडी बेटावर तुमची मावशी राहते असं लिहिलंय म्हणून सांगते. बोटीवर वारा असतो, कडेच्या बंद केबिनऐवजी उघड्या बाजूला बसलं तर हवेची काळजी कमी. अडचण धक्क्याची. ओहोटीला उतार जास्त तिरका होतो आणि पाण्याखालून वर आलेला भाग हिरवा, निसरडा असतो. भरतीची वेळ साधा. दुचाक्या आणि गाड्या पुढे जाऊ द्या, गर्दीच्या मधून उतरू नका. रबरी तळव्याची, टाचेला पट्टा असलेली चप्पल घाला. काठी घेत असतील तर तिच्या टोकाचं रबर झिजलंय का बघा. झिजलेलं रबर ओल्या सिमेंटवर साबणासारखं सरकतं.

रेल्वेचं थोडक्यात. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची भाड्यातली सवलत थांबवली गेली. तोवर पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के मिळायची. पुण्या-मुंबईला लेकाकडे वर्षातून दोनदा जाणारी कितीतरी माणसं त्यामुळे एकदाच जाऊ लागली, आणि तोही एक हिंडण्याचा तोटाच. तिकीट काढताना वय नीट घातलं तर शक्य तिथे खालचा बर्थ मिळतो. गाडीत दर तासाला बसल्या जागी पावलं वर-खाली तीस वेळा, आणि गाडी थांबलेली असताना उभं राहणं. रात्री शौचालयाला जाताना कोणीतरी बरोबर हवंच, हलत्या डब्यात तेच पडण्याचं ठिकाण.

इथे एक गोष्ट सांगते जी बायका मोठ्याने बोलत नाहीत. प्रवासाला निघताना त्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडतात, कारण वाटेत लघवीला जायला स्वच्छ जागा नसते. साथीत सार्वजनिक शौचालयाची भीती आणखी वाढली. पाणी कमी, त्यात रक्तदाबाची गोळी, मे महिन्याचं ऊन, आणि बसमधून उतरताना डोळ्यांपुढे अंधार. आई बाहेर जायला का कंटाळते असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा एकांतात हे विचारा. वाटेवरच्या ओळखीच्या घरांची, देवस्थानाच्या शौचालयांची नावं ठरवून दिली तर अर्धा प्रश्न सुटतो. लघवी वाढवणारी गोळी असेल तर प्रवासाच्या दिवशी वेळ मागेपुढे करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

भाऊ विचारेल, मग साथीत नेमकं काय टाळायचं. टाळण्यासारखं खूप आहे. लग्न, बारसं, तेरावं, जत्रेची दाटी, बँकेतली रांग, दवाखान्याची गच्च प्रतीक्षाखोली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आता पपांनी रांगेत उभं राहायची गरज नाही. नोव्हेंबर २०२० पासून पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो, आणि फोनवर चेहरा दाखवूनही तो होतो. नेहमीच्या गोळ्यांचा सल्ला ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सेवेवर घेता येतो. असे फेरे वाचवा. पण डोळ्यांची, दातांची, हाडांची तपासणी आणि लस यांसाठीचा फेरा वाचवू नका. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा ‘बाहेर कशाला न्यायचं’ म्हणून आईवडिलांना महिनाभर थांबवणारी घरं मी पाहिली, आणि तो महिना दुसऱ्या लाटेच्या तोंडावरचा होता.

चवथीला मूळ घरी जायचं की नाही हा प्रश्न प्रत्येक वेळी येणार. माझं मत स्पष्ट आहे. साथ चढती असेल तर म्हाताऱ्या माणसांनी जायचं नाही, आणि ज्यांच्या घरी ती आहेत तिथे बाकीच्यांनी पाच दिवस गर्दी करायची नाही. २०२० ची चवथ २२ ऑगस्टला होती. तेव्हा अनेक कुटुंबांनी गणपतीवर फळांची माटोळी बांधून, दीड दिवसात, मोजक्या माणसांत केली आणि कोणाचं काही कमी झालं नाही. गेलातच तर जेवणाची पंगत आत न मांडता पडवीत मांडा.

म्हातारपणी आजार वेगळ्या वेषात येतो, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ताप नसतो, खोकला नसतो. माणूस अचानक गोंधळतो, जेवत नाही, किंवा पडतो. साथीच्या दिवसांत पपा विनाकारण पडले तर फक्त हाड बघू नका. ताप आणि ऑक्सिजनही मोजा आणि चाचणी करून घ्या. बोटावरच्या यंत्रात आकडा ९४ च्या खाली असेल, किंवा खोलीत थोडं चालल्यावर चार अंकांनी उतरत असेल, तर १०८ ला फोन.

आणि आजार झालाच तर बरं वाटल्यावर एकदम पूर्वीच्या फेऱ्या सुरू करायच्या नाहीत. आजारात पलंगावरही दर दोन तासांनी कूस बदलणं, घोटे हलवणं, जेवायला पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून बसणं चालू ठेवायचं. ताप गेल्यावर पहिल्या आठवड्यात न्हाणीघरापर्यंत, मग सोप्यापर्यंत. आज चाललं आणि उद्या अंग पार गळालं तर आजचं जास्त झालं असं समजून निम्मं करायचं. एका पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा बसल्या जागी धाप लागली तर व्यायाम थांबवून लगेच दवाखाना.

पपांशी कसं बोलायचं, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. व्यायाम हा शब्द वापरू नका. कुळागरातल्या सुपाऱ्या कोण मोजतंय, पाटाचं पाणी कोणत्या बाजूला अडलंय, ते त्यांना विचारा आणि बघून यायला सांगा. त्यांच्या मागे चार पावलांवर राहा, हात धरू नका. धरलेला हात माणसाला सांगतो की तू पडणार आहेस. आईला पोदेराकडून पाव आणायचं काम परत द्या, ती जाईपर्यंत त्याला फाटकाशी थांबायला सांगा. पोदेर थांबेल.

रविवारचे आकडे मला कळवा, खुर्चीचा, रेघेचा, रक्तदाबाचा. पपांनी खुर्चीतून उठताना कुठला हात टेकला तेही लिहा. त्यावरून कोणत्या पायापासून सुरुवात करायची ते मी सांगेन, आणि सहा आठवड्यांनी तीच खुर्ची, तीच रेघ घेऊन आपण परत मोजू.